जगात कुठेही, दुसऱ्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझी वॉरंटी अजून पाच महिने शिल्लक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुनी वस्तू आपली कहाणी सांगू लागली की ऐकणाऱ्याला वाटते, ही आता अडगळीतून बोलणार, हिच्या अंगावर बोटभर धूळ असणार, हिला कोणी विचारत नसणार. माझे तसे काही नाही. मला काही झाले तर फोन करायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी माणूस दारात हजर होतो. माझे बरे चालले आहे. मला कशाचे फारसे काही वाटत नाही, एवढेच.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत. प्रत्येकीने एकच गोष्ट बसवायची आणि मला पुढे सरकवायचे. एकीने पंखा दिला, एकीने कान दिले, एकीने डोळा दिला. बिजागरी बसवणाऱ्या बाईने माझे झाकण तीनदा उघडमीट करून पाहिले. तिसऱ्यांदा ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता वाटते, तिला जांभई आली असावी.

तिथून खोक्यात, खोक्यातून दुकानात. एके दिवशी दुपारी दोघे जण दुकानात आले. एक होती पन्नाशीची बाई, गळ्यात शिंप्याची फीत तशीच राहिलेली. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याचे खरे नाव पासपोर्टवर आहे, पण ती त्याला 'धाकट्या' म्हणायची, म्हणून मीही त्याला धाकटाच म्हणतो. तो तिला ताई म्हणायचा. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवले, शिकवले, आणि या खटाटोपात स्वतःचे लग्न करायचे राहून गेले. त्याबद्दल कोणी विचारले तर ती म्हणायची, "वेळच झाला नाही बाई, कपडे फार आले होते."

धाकट्याचे काम देशोदेशी फिरण्याचे. कारखान्यांत बाटल्या भरणारी यंत्रे बसवायची आणि चालू करून द्यायची. यंत्राला वायर जोडून लॅपटॉपने सांगायचे असते, बाटलीत किती ओतायचे, बूच कधी लावायचे, पट्टा किती वेगाने सोडायचा. लॅपटॉप नसेल तर ते एवढे थोरले यंत्र म्हणजे नुसते लोखंड. धाकटा ठेक्याने काम करायचा, त्यामुळे लॅपटॉप स्वतःचाच आणावा लागे.

"एक वर्षाची वॉरंटी आहेच," दुकानदार म्हणाला. "पण ती इथल्यापुरती. साहेब परदेशात असतात म्हणता, तिकडे ती चालायची नाही. ही वाढीव घ्या. चार वर्षं. जगात कुठेही असा, दुसऱ्या दिवशी आमचा माणूस येऊन दुरुस्त करून देणार."

"कुठेही म्हणजे?" ताईने विचारले.

"कुठेही म्हणजे कुठेही."

"आणि नाही आला तर?"

"येतोच, बाई. छापलेलं आहे."

धाकटा म्हणाला, "ताई, हे लोक उगाच गळ्यात मारतात. नवा कोरा आहे, त्याला काय होतंय?"

"नवंच उसवतं," ताई म्हणाली. "जुन्याला सवय झालेली असते. घे ती."

मित्रांनो, ताईला हे कळण्याचे कारण होते. एका जिन्याखाली तिचे छोटेसे दुकान होते, कपडे दुरुस्तीचे. उसवलेले शिवणे, सैल आत घेणे, आखूड झालेले बाहेर सोडणे. प्रत्येक कपड्याबरोबर ती गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर तारीख आणि खाली एक ओळ: 'वर्षाच्या आत उसवल्यास फुकट शिवून मिळेल.' बाकीचे शिंपी तिला हसायचे. ती मात्र शिवणीच्या आत दोन बोटे माया सोडायची, म्हणजे पुढे अंग भरले तरी कापड अपुरे पडू नये. चिठ्ठी घेऊन परत येणारे फार थोडे असत.

वॉरंटीचे ते चौदा पानी पुस्तक धाकट्याने उघडलेही नाही. ताईने आठवडाभर दुपारच्या चहाबरोबर पानन् पान वाचले. एका कलमाखाली तिने कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने रेघ ओढली आणि त्याला दाखवली.

"हे बघ. माणूस येईपर्यंत तू हलायचं नाहीस. मालक स्वतः हजर पाहिजे. देश सोडलास तर तक्रार रद्द, सगळं पहिल्यापासून."

"बरं, नाही हलणार," धाकटा म्हणाला. तिने ते पुस्तक माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात घातले आणि कप्प्याची चेन सैल होती ती तिथेच बदलून टाकली.

मग आम्ही निघालो. पुढची तीन वर्षे माझे आयुष्य म्हणजे विमानतळावरचे प्लास्टिकचे ट्रे. ट्रेमध्ये शेजारी कधी कोणाचा पट्टा, कधी कोणाचे बूट. बुटांची आणि माझी चांगली ओळख झाली. धाकटा वर्षातले दोनशे दिवस बाहेर असायचा. एका देशात पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्यात औषधाच्या, तिसऱ्यात तेलाच्या. सगळ्या कारखान्यांत काचेची एक खोली असते आणि तिच्यातून खाली पट्टा दिसतो. मी तिथल्या टेबलावर बसून यंत्राशी बोलायचो. यंत्र पहिल्यांदा चालले की लोक टाळ्या वाजवत. टाळ्या धाकट्यासाठी असत, पण त्यातल्या काही माझ्याही असाव्यात, असे मी धरून चालायचो.

सहाव्या महिन्यात माझा कीबोर्ड गेला. बाहेर गुडघाभर बर्फ पडलेले. धाकट्याने तक्रार नोंदवली आणि डोक्याला हात लावून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक माणूस बूट झटकत आत आला, त्याने पिशवी उघडली आणि तासाभरात मला नवा कीबोर्ड बसवून निघून गेला. धाकट्याने संध्याकाळी ताईला सांगितले तेव्हा तो अगदी हरखून गेला होता.

"ताई, खरंच आला गं. एवढ्या बर्फातून."

"मग? छापलेलं होतं ना," ताई म्हणाली. तिलाही आतून फार बरे वाटले होते. त्या दिवसापासून ती त्या माणसांना 'लॅपटॉपचा शिंपी' म्हणू लागली. पंखा बिघडला तेव्हा एक शिंपी आला, बिजागरी तुटली तेव्हा दुसरा. प्रत्येक देशात निराळा माणूस, पण दुसऱ्या दिवशी, दहाच्या सुमारास. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ती हे कौतुकाने सांगायची.

तिचा व्हिडिओ फोन रोज तिच्याकडच्या संध्याकाळी सातला माझ्यावर यायचा. ती फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि शिवत शिवत बोलायची, त्यामुळे मला तिचा चेहरा कधी धड दिसला नाही. हनुवटी, गळ्यातली फीत, मशीनचे चाक आणि हात एवढेच दिसे. दाताने दोरा तोडायला ती वाकली तर तेवढा एक क्षण चेहरा यायचा.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "लॅपटॉप बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग झालं."

तू कसा आहेस, असे तिने कधी विचारले नाही. विचारले असते तर तो नुसते 'बरा' म्हणाला असता. माझ्याबद्दल विचारले की तो थोडे खुलून बोलायचा, म्हणून ती माझ्याबद्दल विचारायची. तू कधी येतोस, असेही ती विचारत नसे. ते तोच आपणहून सांगायचा, "हे यंत्र चालू झालं की येतो." यंत्रामागून यंत्र येत राहिले. मधूनमधून चार दिवस घरी जाणे व्हायचे. त्यातले दोन तो झोपून काढी आणि तेवढ्यात ती त्याच्या सगळ्या शर्टांची बटणे पक्की करून ठेवी.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी पाहिली आणि त्याने पाहिली नाही. शेवटच्या वर्षी बोलता बोलता तो यंत्राचे आकडे तपासायचा. आकड्यांना माझा सगळा पडदा लागे आणि ताई कोपऱ्यात जाऊन बसे, काडेपेटीएवढी. त्या काडेपेटीत मला दिसायचे, ती सुईत दोरा ओवायला बघतेय आणि दोरा जात नाहीये. आधी दुसऱ्या खेपेला जायचा. मग तिसऱ्या, चौथ्या. मग मध्येच हात मांडीवर ठेवून ती नुसती बसायची आणि म्हणायची, "बोल, ऐकतेय मी." तिला धाप लागलेली असायची. मला टेबलावरच्या बाईने डोळा दिला होता, पण आपणहून काही सांगायची सोय दिली नव्हती. धाकटा म्हणायचा, "हं, हं," आणि आकडे बघायचा. तो वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला वाटायचे, ती आहेच.

मग तो मंगळवार आला. फळांच्या रसाच्या कारखान्यात आम्ही होतो. बुधवारी यंत्र सोपवायचे होते आणि मंगळवारी सकाळी माझा पडदा काळा झाला. धाकट्याने तक्रार नोंदवली. उत्तर आले: उद्या सकाळी दहा वाजता. तो निर्धास्त झाला आणि खाली जाऊन पट्ट्याचे स्क्रू आवळत बसला.

दुपारी तो वर माझ्याकडे परतला तोच त्याचा फोन वाजला आणि त्याने तो स्पीकरवर लावला. पडदा गेला तरी माझे कान शाबूत होते, त्यामुळे सगळे ऐकू आले. ताईच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या. फोन त्यांचा होता.

"धाकट्या, तू नीघ तिथून. ताई दुकानात पडल्या. आमच्याच रुग्णालयात आणलंय. हृदय फार थकलंय म्हणतात डॉक्टर. आज निघता येईल का तुला?"

"शुद्धीवर आहे?"

"आहेत. थांब, देते."

मग प्राणवायूच्या नळीतून श्वासाचा आवाज आला आणि त्यामागून ताई. "लॅपटॉप बरा आहे ना?"

इथे धाकट्याने खोटे बोलायला हवे होते. पण तीन वर्षे रोज त्या प्रश्नाला तो खरेच उत्तर देत आला होता, सवयीने तोंडातून खरेच निघाले. "बंद पडलाय. उद्या दहाला माणूस येणार आहे."

"मग तो येऊन जाऊ दे," ताई म्हणाली. "आत्ता निघालास तर तक्रार रद्द होईल. मी खूण केलीय बघ, निळ्या खडूची."

"ताई, ते मरू दे. संध्याकाळी सहाचं विमान आहे, मी येतो."

"एवढी घेतलीय ना आपण वॉरंटी. आणि त्या लोकांचं यंत्र अर्धवट टाकून येणार? अर्धवट शिवलेला कपडा मी कधी दिलाय का कुणाला?" ती थांबली. पुन्हा श्वास आला. "उद्या नीघ. मी कुठे पळतेय."

फोन बंद झाला. मग त्याने उद्या संध्याकाळचे तिकीट काढले. त्याचे मलाही बरे वाटले, हे मी लपवणार नाही. माझ्यासाठी कोणी एवढे थांबले नव्हते.

बुधवारी शिंपी दहाला दोन मिनिटे कमी असताना आला. पन्नाशीचा शांत माणूस, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. धाकट्याने नर्सबाईंना निरोप धाडला, 'माणूस आला.' शिंप्याने मला पालथे घातले, अकरा स्क्रू काढले आणि म्हणाला, "बोर्डच गेलाय. बदलावा लागेल. पाऊण तास." मग त्याने माझा बोर्ड उपसून बाहेर काढला.

त्या पाऊण तासाचे मला काही माहीत नाही. मी नव्हतोच.

नवा बोर्ड बसला, पडदा उजळला आणि समोर धाकटा दिसला. हातात फोन होता. तो माझ्याकडेच बघत होता. मला वाटले, मी सुरू झालो म्हणून बघतोय.

"काही वाईट बातमी?" शिंप्याने विचारले.

"माझी बहीण गेली," धाकटा म्हणाला. "आत्ताच."

शिंप्याने हातातला स्क्रू खाली ठेवला. मग त्याने उरलेले स्क्रू लावले, कारण लावायला हवेच होते, आणि अगदी संकोचाने सहीचा कागद पुढे केला. सहीखाली एक प्रश्न असतो: 'आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' समोर पाच चौकोन. धाकट्याने पूर्ण समाधानीच्या चौकोनात खूण केली. ते खोटे नव्हते. माणूस वेळेवर आला होता आणि काम चोख झाले होते.

विमान संध्याकाळचे होते. मधल्या वेळात करायला दुसरे काही नव्हते, म्हणून धाकट्याने मला यंत्राला जोडले. एक वाजता पट्ट्यावरून बाटल्या सुटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वायर काढून गुंडाळली, मला पिशवीत घातले आणि चेन लावली.

तो घरी पोचला तो दुसऱ्या दिवशी. नर्सबाई दुकानाची किल्ली घेऊन जिन्याखाली उभ्या होत्या. त्यांनी काही लपवले नाही.

"सकाळपासून दोनदा विचारलं त्यांनी, आला का लॅपटॉपचा शिंपी म्हणून. तुझा निरोप आल्यावर मी सांगितलं, आला. तर म्हणाल्या, मग आता निघेल तो. आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या."

"बरं," धाकटा म्हणाला. नर्सबाईंनीच दार उघडून दिले.

तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. बोर्ड नवा आहे. डिस्क जुनीच आहे, तिच्यावर सगळे आहे, हवे ते वाचून दाखवता येते, पण अंगाला काही लागत नाही. धाकट्याचेही तसेच झाले असावे. लोक भेटायला आले, तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिले, सगळ्यांशी नीट बोलला. त्याच्यात मला काही बिघाड दिसत नव्हता. नव्या कामाचा फोन आला तेव्हा "सध्या नाही" एवढेच म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात जवळच्या शाळेतल्या एक शिक्षिका दुकानाशी घुटमळल्या. हातात कोट होता. "उसवलाय हो काखेत. चिठ्ठी होती ताईंची, म्हणून आले. पण राहू दे आता."

"बघू चिठ्ठी," धाकटा म्हणाला. तारीख वर्षाच्या आतली होती. "ठेवून जा. उद्या देतो."

लहानपणी ताईने त्याला शिवू दिले नव्हते, पण उसवायचे काम देऊन ठेवले होते. ब्लेडच्या टोकाने एकेक टाका कापायचा, कापडाला धक्का न लावता. ते हाताला आठवत होते. त्याने काखेतली शिवण उसवली आणि कोट उलटा केला. आत दोन बोटे कापड दुमडून ठेवलेले होते, नव्यासारखे, बाहेरच्या कोटाचा रंग विटला तरी आतला न विटलेला. त्यावर निळ्या खडूची रेघ होती. त्या रेघेवर बोट ठेवून तो रडला. मी कापायच्या टेबलावर उघडा होतो, माझा पडदा त्याच्याकडे होता, आणि या खेपेला त्याच्या आणि माझ्यामध्ये आकडे नव्हते. रडून झाल्यावर त्याने सुईत दोरा ओवला. चौथ्या खेपेला गेला.

कोट दुसऱ्या दिवशी तयार होता.

याला आता आठ महिने झाले. चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती ताईने एका डब्यात ठेवलेल्या आहेत. त्यातली शेवटची त्या मंगळवारची, सकाळची. तिची मुदत चार महिन्यांनी संपेल. तोवर ज्याचे उसवेल त्याचे धाकटा शिवून देतो. पुढे काय करणार, मला माहीत नाही, त्यालाही नसावे. माझे काम सध्या कापड हलू नये म्हणून त्यावर वजन होऊन बसण्याचे आहे. मी चांगला जड आहे.

गेल्या आठवड्यात माझा पंखा पुन्हा घुरघुरू लागला. धाकट्याने फोन लावला. पलीकडच्या बाईने ठरलेला प्रश्न विचारला, "उद्या सकाळी दहाला माणूस येईल. मालक स्वतः हजर असतील ना?"

"असतील," तो म्हणाला. "मी आता इथेच असतो."

मित्रांनो, वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणते, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. माझी काळजी घ्यायला माणूस येतो, बर्फातूनही येतो, तसे छापलेले आहे. तुमच्या घरून जे कोणी रोज सातला फोन करते, त्याच्यासाठी असे काही छापलेले नसते. तेव्हा तिकडून कोणी 'ये' म्हटले, किंवा 'नको येऊस, मी कुठे पळतेय' म्हटले, तरी आम्हाला आहोत तसे बंद, काळे, अर्धे उघडलेले टेबलावर सोडा आणि निघा. आमच्यासाठी थांबू नका. आम्हाला दुसरा दिवस असतो.